पत्रा, खोका, कंगवा

मी वर गेले होते भांडायला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ओळखीतले लोक हल्ली ही हकीकत सांगताना मी जणू संगीताच्या ओढीनं जिना चढले असं काहीतरी रंगवून सांगतात. तसं काही नव्हतं. शुक्रवारची सकाळ होती, मला झोपायचं होतं आणि डोक्यावर कुणीतरी पाय आपटत होतं.

कुवेतमधल्या हवल्लीतली आमची इमारत जुनी. वरच्या घरात कुणी खुर्ची सरकवली, तर ती जेवणाच्या टेबलाची की बाल्कनीतली, हे आमच्या हॉलमध्ये बसून सांगता येतं. वर एक इंग्रज मास्तर राहायला आलेत, खासगी शाळेत संगीत शिकवतात, एकटेच असतात, सोबतीला मांजर आहे, एवढी माहिती इमारतीच्या हारिसनं, म्हणजे राखणदारानं, न विचारता पुरवली होती. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. पण दर शुक्रवारी नाश्त्याच्या आधी धप, धप, धप, धप असे एकाच पायाचे ठोके सुरू व्हायचे आणि त्यावर गिटार. ती गिटारसुद्धा अशी की कुणाची तरी बस सुटतेय आणि तो धावत धावत वाजवतोय.

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "माणूस खुशीत असेल."

माझा नवरा बँकेत आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे 'जाऊ दे' हे उत्तर तयार असतं. माझं नेमकं उलटं. मी मिरकाबच्या एका ऑफिसात हिशेब बघते, महिनाअखेर तोंडावर आली की चालते कमी आणि पळते जास्त. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असताना माझं उत्तर तयार असतं. जेवतेही भराभर. तर मी केस बांधले, ओढणी घेतली आणि जिन्यातच इंग्रजीत दोन-तीन खणखणीत वाक्यं जुळवली.

दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या एका उंच माणसानं. त्याच्या एकाच पायात बूट होता. ठोका नीट वाजावा म्हणून जाड टाचेचा बूट उजव्या पायात, डावा पाय अनवाणी. त्या ध्यानाकडे बघून माझं पहिलं वाक्य विसरायला झालं. दुसरं मी म्हणून घेतलं. त्यांनी इतक्या मनापासून माफी मागितली, लगेच वाकून बूट काढायला लागले, की माझ्या भांडणातली हवाच गेली. आणि मग मला भिंतीवरची ती वस्तू दिसली. लाकडी चौकट, तिच्यात आडव्या वळ्या असलेला पत्रा, खाली दोन पाय.

"हे काय आहे?" मी विचारलं.

ते म्हणाले, कपडे धुवायची फळी. यावर कपडे घासायचे.

मी म्हटलं, आमच्याकडे कपडे घासत नाहीत, आपटतात. ते मोठ्यानं हसले आणि फळी भिंतीवरून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. बोटं फिरवली तर खर्रर्र असा मजेशीर आवाज आला. मी परत फिरवली. त्यांनी विचारणाऱ्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, बूट पुन्हा चढवला आणि गिटार उचलली.

बऱ्याच वेळानं नवरा वर आला. बायकोनं इंग्रजाचा जीव तर घेतला नाही ना, हे बघायला आला असावा. मी सोफ्यावर बसून मांडीवरचा पत्रा खरवडत होते आणि मांजर माझ्याकडे संशयानं बघत होतं.

त्या दिवशी मास्तरांनी आम्हाला चहा दिला आणि स्किफल म्हणजे काय ते सांगितलं. पन्नासच्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांना या संगीतानं वेड लावलं होतं. गाणी मूळची अमेरिकेतली, कष्टकऱ्यांची, आगगाड्यांची, तुरुंगांची. ती या पोरांनी उचलली आणि दुप्पट उत्साहात म्हणायला घेतली. वाद्यांना पैसे नव्हते. एखाद्याकडे साधी गिटार असायची, बाकी सगळं घरातलं. आईची कपडे धुवायची फळी, तिच्यावर वाजवायला बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं. चहाची पत्ती यायची ते लाकडी खोकं पालथं घालून त्याला झाडूचा दांडा आणि एक दोरी, की झाला खर्जाचा आवाज. आणि कंगव्यावर कागद धरून फुंकलं की तुतारी. मास्तरांच्या वडलांनी त्या वयात असा बँड केला होता, आणि हा पत्रा त्यांचाच.

"मी लहान असताना," मास्तर म्हणाले, "रविवारी स्वयंपाकघरात वाजवायचो. बाबा पत्रा, मी गिटार, काका खोक्यावर, शेजारचे एक कंगवा घेऊन. आईची एक अट होती. शेवटचा ठोका सगळ्यांचा एकदम पडला पाहिजे. एकाचा जरी मागे-पुढे झाला तर ती किटली उचलायची नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून. एकदम संपलं, तरच चहा."

मला ती बाई न बघताच आवडली.

वडील गेल्यावर हा पत्रा घेऊन मास्तर तीन देश फिरले होते आणि प्रत्येक ठिकाणी चौघं जमवायचा प्रयत्न केला होता. कुवेतमध्येच तीनदा. एकदा पत्रा वाजवणाऱ्या नर्सची नोकरी गेली, एकदा खोकेवाल्याची बदली झाली, एकदा तर ठरलेल्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात कंगवेवाल्याचा इकामा संपला आणि तो सरळ विमानात बसला. इथं हे असंच असतं. निवासाच्या परवान्यावर तारीख असते, आणि मैत्रीवरही तीच तारीख असते. आता मास्तरांचा स्वतःचा करार संपत आला होता. थंडी सरता सरता त्यांना जायचं होतं, कायमचं.

"चौघांनी एक गाणं सुरू करायचं आणि लोकांसमोर चौघांनी ते एकदम संपवायचं," ते म्हणाले. "बाबांच्या नंतर एकदाही झालं नाही. तेवढं झालं की मी सुखानं घरी जाईन."

ते काही रडकुंडीला येऊन बोलले नाहीत. बिस्किटं पुढे करता करता बोलले. पण मला ते लागलं. खाली आल्यावर मी नवऱ्याला सांगून टाकलं, "आपण करतोय हे."

"आपण?" तो म्हणाला.

"तू कंगवा."

"माझ्या डोक्यावर आहेत किती केस?"

"फुंकायला केस लागत नाहीत."

"जाऊ दे, बरं," तो म्हणाला, आणि त्याच्या भाषेत याचा अर्थ होकार.

खोकेवाला शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एका कार्गोवाल्या भाईंचं दुकान आहे. भाई रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावचे. कुवेत सोडून जाणाऱ्यांचं सामान प्लायवूडच्या खोक्यांत भरून, पट्ट्या मारून देशी पाठवायचं हा त्यांचा धंदा. पहिला गोदामवजा गाळा त्यांनी जलीबला घेतला होता, बस्तान बसल्यावर इकडे आले. कुणाचं काय काय भरून गेलं हे त्यांना तोंडपाठ. "वहिनी, मानसा लगेच जातत," असं ते म्हणतात, "पन त्यांचा मिक्सर जायला मयना लागतो."

चहाची लाकडी खोकी आता कुणी बघितलीही नाहीत, पत्ती कागदी पोत्यांतून येते, पण प्लायवूडचं खोकं तर भाईंच्या हातचा मळ. मास्तरांनी हातवारे करून सांगितलं, नवऱ्यानं हिंदीत सांगितलं, मी मराठीत सांगितलं. भाईंनी आमच्याकडे तिघं कामातून गेलेत की काय अशा नजरेनं पाहिलं, आणि मग खोकं पालथं घालून वरच्या फळीला भोक पाडलं, बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, झाडू आणून त्याचा दांडा काढला, जाड दोरी ओवली आणि दांडा मागे ओढून दोरी छेडली. धुम्म. दांडा अजून ताणला तर आवाज वर चढला. भाईंचा चेहरा असा उजळला की बघत राहावं.

"अरे, हा तर तुनतुना!" ते म्हणाले. "आमच्या खोताच्या अंगनात गोंधळी यायचे त्यांच्याकडं व्हता. फक्त यो त्याचा बाप हाय."

झालं. तेव्हापासून शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवणं आटपली, की भाईंच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आमचा सराव सुरू व्हायचा. चारी बाजूंना कुणाकुणाचे संसार खोक्यांत बंद, मध्ये आम्ही. अंगुस्तानं मी गल्लीतल्या शिंप्याकडून आणली होती. त्यानं विचारलं, काय शिवताय? मी म्हटलं, काही नाही, पत्रा वाजवतेय. त्यानं पुढे विचारलं नाही.

आणि इथं आमचं घोडं अडलं.

स्किफल ऐकायला धावतं वाटतं, पण ते धावत नाही. मास्तरांच्या पायाचा ठोका पहिल्या कडव्याला जिथं असतो तिथंच शेवटच्या कडव्याला असतो. सगळी गंमत त्यात असते, की आतून उसळायचं आणि तरी जागा सोडायची नाही. आणि आम्ही? आम्ही लहानपणापासून ताल धरायला शिकलो ते आरतीत. आरती सुरू होते तेव्हा कशी सावकाश, सगळे डोळे मिटून. दुसऱ्या कडव्यापासून टाळ्यांना जोर चढतो. कुणीतरी काका झांज घेऊन पुढे सरसावतात. शेवटाला येईपर्यंत लहान पोरं नाचत असतात, शब्द एकमेकांवर आदळत असतात आणि जो सगळ्यात फास्ट तो सगळ्यात भाविक. लय वाढली नाही तर आपल्याला आरती झाल्यासारखी वाटतच नाही. आपण हे कुणाकडून शिकत नाही, ते हातातच असतं.

तर दुसऱ्या कडव्याला माझे हात आपोआप सुटायचे. एकदा सुटले की भाईंची दोरी माझ्यामागे. "आमच्या गावाला गनपतीत जाखडी नाचायचे ना वहिनी," ते नंतर म्हणायचे, "आमी पोरा बघाया जायचो. ते पन असाच पळवायचे. मना वाटला तुमी पळताव म्हनजे पळायचाच असता." गाणारे मास्तर मध्येच अडकायचे, त्यांना शब्द पूर्ण करायला श्वास पुरायचा नाही. माझा नवरा मागून निवांत पीं पीं करत यायचा. मी शेवटचा ठोका मारून विजयी मुद्रेनं बघावं तर मास्तरांच्या दोन ओळी बाकी, भाई मध्ये कुठेतरी आणि नवरा पार मागच्या स्टेशनवर.

मास्तर कधी चिडले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर झाडूचा दांडा घातला असता. त्यांनी मराठीतला एकच शब्द माझ्याकडून मागून घेतला, तो म्हणजे 'हळू'. मग गाताना मध्येच ते 'हळू, हळू' ओरडायचे आणि तो शब्द गाण्यातलाच असावा असा त्यांच्या तोंडी बसून गेला. तरी आम्ही पळायचोच. शुक्रवारमागून शुक्रवार गेले आणि एकही गाणं एकदम संपलं नाही. प्रत्येक वेळी मास्तर भाईंच्या शेगडीवरच्या किटलीकडे बघायचे आणि आम्ही चहा घ्यायचो, पण तो त्यांच्या आईच्या हिशेबात फुकटचा होता हे सगळ्यांना माहीत होतं.

मुलगी पुण्याला शिकते. तिला फोनवर सांगितलं तर ती किंचाळली, "आई, यू आर इन अ बँड?" मी म्हटलं, हो, आणि आईमुळेच बँड बुडतोय. मला खरंच वाईट वाटत होतं. हा माणूस तीन देश पत्रा घेऊन फिरला आणि शेवटी त्याला मिळाले कोण, तर आम्ही.

जानेवारीत दोन गोष्टी ठरल्या. मास्तरांचं तिकीट आलं. आणि आमच्या मराठी कुटुंबांची वाळवंटातली सहल ठरली. थंडीत इथं सगळेच तंबू ठोकून वाळवंटात जातात, आम्हीही एखादा शुक्रवार तंबू भाड्यानं घेतो. दिवसभर पोरांचं क्रिकेट, बायकांच्या गप्पा, मिसळ, आणि दुपारी ज्याला जे येतं ते त्यानं करून दाखवायचं. मी मास्तरांचं नाव देऊन टाकलं. दुसरा शुक्रवारच उरला नव्हता.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी मी लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं. आता, घाई माझ्या अंगात कितीही असली तरी बेसनाला मी घाई करत नाही. आईनं शिकवलंय तसं, मंद आंच, एक हात कढईला, दुसऱ्या हातात उलथनं, आणि सुरुवातीला जसा फिरतो तसाच हात शेवटपर्यंत फिरला पाहिजे. भरभर केलं की खाली करपतं आणि वर कच्चं राहतं. खमंग वास सुटायला लागला की मोह होतो, आता झालं, आता उरकावं, आणि नेमकं तेव्हाच हाताला आवरायचं असतं.

उलथनं कढईवर वाजत होतं. खर्र, टक. खर्र, टक. हॉलमध्ये नवरा टीव्ही बघत होता. टीव्ही बंद झाल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून कंगव्याचा आवाज आला. मास्तरांचंच गाणं, माझ्या उलथन्याच्या ठेक्यावर.

मी मागे वळून काहीतरी बोलणार होते, पण बेसन सोडता येईना. त्यानं पहिलं कडवं वाजवलं, दुसरं वाजवलं. माझा हात तसाच. तिसऱ्याला बेसनाचा रंग पालटला, वास घरभर झाला आणि तरी माझा हात तसाच. शेवटची ओळ त्यानं फुंकली, मी उलथनं कढईच्या काठावर आपटलं आणि गॅस बंद केला. दोघांचं एकदम.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"लाडू चांगले होणार," नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मात्र लाडू नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला माझ्याविषयी काय काय कळतं याचा मला तेव्हा नव्यानं अंदाज आला.

वाळवंटात त्या दिवशी वारा होता, पण धूळ नव्हती. भाईंनी खोकं व्हॅनमधून आणलं. त्याच्यावर 'सांभाळून ठेवा' अशा अर्थाची लाल चिठ्ठी इंग्रजीत आणि अरबीत तशीच चिकटलेली होती. जेवणानंतर दोन जणींनी भावगीतं म्हटली, एका काकांनी नकला केल्या, आणि मग आम्ही. मास्तरांनी उजव्या पायात बूट चढवला. वाळूत ठोका वाजणार नाही म्हणून भाईंनी त्यांच्या पायाखाली एक लांब फळी सरकवली, तिचं दुसरं टोक माझ्या पायाखाली आलं. मंडळींना वाटलं हाही विनोदी कार्यक्रम आहे. पत्रा बघून बायका हसल्या, कंगवा बघून पुरुष हसले. माझ्या नवऱ्याच्या टकलावरून जे बोललं गेलं ते इथं सांगत नाही.

मास्तरांनी सुरुवात केली आणि हसणं थांबलं. ते गाणं असं आहे की पाय गप्प राहूच शकत नाहीत. पोरं क्रिकेट सोडून आली. पहिलं कडवं छान गेलं. भाईंची दोरी धुम्म धुम्म करत होती, वाळवंटात तिला भाईंच्या दुकानापेक्षा चांगला आवाज होता.

आणि मग मंडळींनी टाळ्या धरल्या.

मी हा विचारच केला नव्हता. चाळीसेक मराठी माणसं, सगळी आरतीत वाढलेली. दुसऱ्या कडव्याला टाळ्यांना जोर चढला. नकला करणारे काका उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागले. लय वाढायला लागली. मला ती अंगावर येताना कळत होती. माझे हात त्यांचेच होते, त्यांना तिकडेच जायचं होतं. मास्तरांनी 'हळू' म्हटलं ते टाळ्यांत बुडून गेलं. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. भाईंची दोरी घसरायला लागली, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान खाली घातली. पत्र्याकडे बघितलं आणि मनात मंद आंच ठेवली. खर्र, टक. खर्र, टक. वास कितीही सुटू दे. समोर माझीच माणसं धावत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर धावत नव्हते. एक काकू माझ्याकडे बघून हातानं 'अगं उचल, उचल' करत होत्या. मी उचललं नाही. भाईंनी माझ्या हातांवर नजर खिळवली आणि दोरी परत जागेवर आणली. मास्तरांच्या बुटाचा ठोका मला आता फळीतून पायाला जाणवत होता. टाळ्या आधी विस्कटल्या, मग काही जण गोंधळून थांबले, आणि मग एकेक करत परत आले, आमच्या ठेक्यावर. सगळ्यात शेवटी काका आले, जरा नाराजीनंच.

शेवटच्या कडव्याला मास्तर डोळे मिटून गात होते. शेवटची ओळ. बुटाची टाच वर गेली.

एकच ठोका पडला. पत्रा, खोका, कंगवा, गिटार, बूट, आणि टाळीसुद्धा. त्यानंतर तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडलं, तेवढंच ऐकू आलं.

मग जो काही गलका झाला तो झाला. पण मास्तरांनी लगेच वर पाहिलं नाही. गिटारच्या तारांवर तळहात ठेवून ते बसून राहिले. मी थर्मासमधून चहा ओतला आणि त्यांना नेऊन दिला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि मान डोलावली. ती मान त्यांनी आईच्या वतीनं डोलावली असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात भाईंनी त्यांचं सामान भरलं. मास्तर पत्रा घेऊन खाली आमच्या दारात आले आणि म्हणाले, हा तुमच्याकडे असू दे. मी साफ नकार दिला. वडलांची वस्तू घरात राहावी, हवल्लीत भाड्याच्या भिंतीवर नव्हे. मी स्वतः तो माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळला आणि भाईंच्या खोक्यात मधोमध ठेवला. अंगुस्तानं मात्र मी ठेवून घेतली. मांजर मास्तरांबरोबर गेलं, आणि त्याच्या कागदपत्रांना मास्तरांच्या कागदपत्रांपेक्षा जास्त शिक्के लागले.

वरचं घर काही दिवस रिकामं होतं. शुक्रवारी सकाळी मला मनसोक्त झोपता येत होतं, आणि जाग लवकरच यायची.

गणपतीत आमच्याकडे दीड दिवस असतो. यंदा संध्याकाळच्या आरतीला घर गच्च भरलं होतं. भाई दुकान बंद करून दारापाशी उभे होते, दर वर्षी मोदकांना येतात तसे. नवऱ्यानं फोन टेबलावर उदबत्तीच्या घराला टेकवून ठेवला, पडद्यावर मास्तर. त्यांच्या मागे स्वयंपाकघर दिसत होतं, ओट्यावर मांजर, आणि मांडीवर पत्रा. तिकडे पत्र्याला कुणी मिळालं नाही म्हणून ते स्वतःच शिकत होते.

आरती सुरू झाली. मी बोटांत अंगुस्तानं घालून स्टीलचं ताट घेतलं होतं. या वेळी मी कुणाला अडवलं नाही. आरती ती आरती. दुसऱ्या कडव्याला टाळ्या चढल्या, तिसऱ्याला नकलावाले काका झांज घेऊन सुटले, मी सुटले, पोरं नाचायला लागली. पडद्यावर मास्तर भुवया वर करून, जिवाच्या आकांतानं पत्रा खरवडत आमच्यामागे धावत होते आणि हसत होते. शेवटचा ठोका आम्ही दणक्यात मारला.

फोनमधून मास्तर अजून वाजवत होते. नेटवर्कमुळे त्यांच्यापर्यंत आमचा शेवट पोहोचलाच नव्हता.

काकांनी बाप्पाचा जयघोष करायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या नवऱ्यानं हात वर केला. कुणाच्याही मध्ये कधी न पडणारा माझा नवरा. सगळं घर गप्प झालं. झांजा हवेत तशाच, टाळ्यांचे हात तसेच. त्या शांततेत फोनमधून पत्र्याचा बारीक आवाज येत राहिला, खर्र, टक, खर्र, टक, एकटाच. आम्ही वाट बघत उभे राहिलो. मग त्यांचा शेवटचा ठोका आला.

तेव्हा कुठे जयघोष झाला. मी डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेले.